रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालूच

साडीच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी टेबलावर येते. तिच्यातून एक्स-रेची दोन मोठी पाकिटं निघतात, सोनोग्राफीच्या गुंडाळी झालेल्या पट्ट्या निघतात, रबरबँड लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघतो. ईसीजीच्या गुलाबी कागदावरची रेघ पार उडून गेलेली असते. तो कागद उष्णतेवर छापतात, जुना झाला की कोरा होत जातो. सगळ्यात खाली, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातलेली एमआरआयची फिल्म. ‘‘डॉक्टर, कशातच काही निघत नाही,’’ बाई सांगतात, ‘‘पण मला काही बरं वाटत नाही.’’

वय शेहेचाळीस. छातीत भरून येतं. पाठीत चमका निघतात. हातापायांना मुंग्या येतात. डोकं जड. गळ्याशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, जेवताना घास मात्र नीट उतरतो. तीन वर्षं झाली.

या बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. जनरल प्रॅक्टिसमध्ये ज्या अनेकजणी आणि अनेकजण अशी पिशवी घेऊन येतात, त्या सगळ्यांच्या हकिगतींची ही मोट आहे. अशा पेशंटशी डॉक्टरने काय करावं, पेशंटने स्वतः काय करावं आणि घरच्यांनी काय करू नये, याबद्दल गेल्या चाळीस वर्षांत बरंच काही कळलेलं आहे. ते दवाखान्याच्या बाकापर्यंत फारसं पोचलेलं नाही, एवढंच.

आधी हे किती सर्रास आहे ते पाहू. क्रोएन्के आणि मँगल्सडॉर्फ या दोघांनी १९८९ साली अमेरिकेतल्या एका ओपीडीतल्या हजार पेशंटचे तीन वर्षांचे केसपेपर चाळले. छातीत दुखणं, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, पोटदुखी, झोप न येणं अशा चौदा नेहमीच्या तक्रारी त्यांनी शोधल्या. नव्याने सांगितलेल्या ५६७ तक्रारी सापडल्या. त्यांपैकी शरीरात ठोस कारण सापडलं ते फक्त १६ टक्क्यांमध्ये. बाकीच्या ८४ टक्के तक्रारी खोट्या होत्या किंवा मनाचे खेळ होत्या, असा याचा अर्थ नाही. अर्थ इतकाच, की मशिनला दिसेल असं बिघाडाचं ठिकाण सापडलं नाही. नॉर्मल रिपोर्टची पिशवी घेऊन बसलेली बाई अपवाद नाही. ओपीडीतली ती नेहमीचीच पेशंट आहे.

अशा तक्रारींना वैद्यकीय भाषेत बरीच वर्षं ‘वैद्यकीय स्पष्टीकरण न मिळालेली लक्षणं’ म्हणत. नावातच खोट होती. जे सापडलं नाही त्यावरून निदान कसं करायचं? २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानग्रंथाने कारण सापडू नये ही अटच काढून टाकली. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीतही भर आहे तो त्रास किती आणि त्यापायी माणसाचं लक्ष, वेळ, आयुष्य किती अडकून पडलंय यावर. एखाद्याला मधुमेह असू शकतो आणि शिवाय असा त्रासही असू शकतो. रोजच्या कामासाठी या बदलाचा फायदा असा, की ‘काही निघालं का?’ या प्रश्नाला मागे सारून ‘काय अडतंय?’ हा प्रश्न विचारता येतो.

पण थांबा. ‘काही निघत नाही’ असं म्हणण्याआधी जे सहज निघू शकतं ते पाहिलंय का?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायलाच हवा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा तब्बल दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. हातापायांच्या मुंग्या, थकवा, तोंड येणं यामागे अनेकदा एवढंच असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, बी-१२ आणि लघवीची साधी तपासणी एवढ्या मोजक्या गोष्टींत पुष्कळ काही उघड होतं. पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाईला पाळीबद्दल विचारायचं राहून जातं आणि पाळी जायच्या काळातली धडधड हृदयाच्या खात्यावर मांडली जाते. उलटंही होतं. बी-१२ जरा कमी निघालं, इंजेक्शनं झाली, पातळी वर आली, तरी त्रास तसाच. अशा वेळी तीच इंजेक्शनं आणखी सहा महिने चालू ठेवण्यात अर्थ नसतो.

काही खुणा मात्र अशा आहेत की ‘टेन्शनमुळे होतंय’ हे वाक्य उच्चारायचंच नाही. न ठरवता वजन उतरणं. रोज संध्याकाळी कणकण, किंवा दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला. चढ चढताना छातीत आवळणं आणि थांबलं की सुटणं. शौचातून रक्त. झोपेतून उठवणारं, दिवसागणिक वाढणारं दुखणं. खरोखर घास अडकणं. हातापायातली ताकद कमी होत जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. आणि मधुमेही माणसाच्या छातीतल्या कुठल्याही नव्या तक्रारीला ‘गॅस’ म्हणायची घाई करू नये, कारण मधुमेहात हृदयविकाराचा झटका फारसं न दुखताही येतो.

मोठं काहीतरी सुटून जाईल ही डॉक्टरांची भीती आहे आणि ती निराधार नाही. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी १९६५ साली ‘हिस्टेरिया’चं निदान झालेल्या पेशंटचा वर्षानुवर्षं माग काढला, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना पुढे मेंदूचे किंवा इतर आजार निघाले. पण २००५ साली जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी असे सगळे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा चुकीच्या निदानाचं प्रमाण १९५०च्या दशकातल्या २९ टक्क्यांवरून १९७० नंतर ४ टक्क्यांपर्यंत उतरल्याचं दिसलं. चार म्हणजे शून्य नव्हे. पोटातल्या अल्सरचं खापर कित्येक वर्षं चिंता आणि तिखटावर फुटत होतं. तिथे हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू दाखवून देणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ साली नोबेल मिळालं. म्हणून कुठल्याही केसपेपरवर ‘हे मानसिकच’ असा कायमचा शिक्का मारू नये. पण चार टक्क्यांच्या भीतीने बाकीच्या शहाण्णवांना दर महिन्याला एमआरआयच्या नळकांड्यात घालणं हाही उपाय नव्हे.

तपासण्यांचा जिना

लॅबमधली ‘नॉर्मल’ची हद्द आखतात कशी? निरोगी माणसांपैकी साधारण ९५ टक्के ज्या आकड्यांत बसतात, ती हद्द. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा हद्दीबाहेर जाण्याची शक्यता वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्येही निदान एक आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. आणि ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं तर साठ-सत्तर आकडे देतात. सणासुदीला त्यांच्यावर सूट असते; वडिलांच्या साठीला भेट म्हणूनही देतात.

पाठीच्या एमआरआयचं याहून वाईट. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ साली एकत्र मांडले गेले. विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या पाठीत ‘डिस्क बल्ज’ (दोन मणक्यांमधली चकती जरा बाहेर फुगणं) होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. आता हाच शब्द पाठ दुखणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये आला की काय होतं? घरी येईपर्यंत ‘बल्ज’चा ‘मणका सरकला’ होतो. पट्टा येतो, वाकणं बंद होतं, बादली उचलणं बंद होतं, स्नायू ढिले पडतात आणि पाठ आणखी दुखते. मग पुन्हा एमआरआय.

म्हणून नवी तपासणी सुचवली की पेशंटने एकच विचारावं: ‘‘डॉक्टर, हिच्यात अमुक निघालं तर उपचार कसा बदलेल, आणि काही नाही निघालं तर पुढे काय?’’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. दुसऱ्या बाजूने, तपासणीला पाठवतानाच डॉक्टरने सांगून ठेवावं, की बहुतेक ही नॉर्मल येईल, आणि तशी आली तर आपण पुढे असं-असं करू. तसं सांगितलं नसेल तर नॉर्मल रिपोर्ट हाती पडताच पेशंटचा चेहरा उतरतो. बाहेरच्याला याचं नवल वाटतं. पण तीन वर्षं दुखणाऱ्या बाईला ‘काही नाही’ हे शब्द ‘तू खोटी’ असे ऐकू येतात.

मग सलाईन येतं. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ ही मागणी गावोगावी आहे आणि ती पुरवणारेही आहेत. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. त्यात बी-कॉम्प्लेक्स घातलं की बाटली पिवळी होते आणि भाव वाढतो. तरीही बाटली लावल्यावर हुशारी वाटते, आणि ती हुशारी खोटी नसते. जिला घरात दिवसा पाठ टेकायला मिळत नाही, तिला पंख्याखाली दीड तास पडून राहायला मिळतं. नवरा बाजूला बसलेला असतो, मध्येच नर्स येऊन हात धरून जाते. या दीड तासाची किंमत बाटलीत शोधणं ही आपली चूक.

मूठ

डॉक्टरच्या वागण्याचा परिणाम मोजलेला आहे. के. बी. थॉमस या इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिशनरनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तक्रार आहे पण तपासणीत काही सापडत नाही अशा दोनशे पेशंटपैकी काहींना ठामपणे सांगितलं, की तुम्हाला हे झालंय आणि काही दिवसांत बरं वाटेल. बाकीच्यांना म्हटलं, नक्की काय झालंय ते मला सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ६४ टक्के लोकांना बरं वाटत होतं, दुसऱ्यातल्या ३९ टक्क्यांना. औषध दिलं की नाही याने मात्र जवळपास काहीच फरक पडला नव्हता.

‘इतकं बोलायला वेळ कुठाय?’ हा डॉक्टरांचा प्रश्न रास्त आहे. भारतात एका पेशंटच्या वाट्याला डॉक्टरची जेमतेम दोन मिनिटं येतात, असं जागतिक पाहणीत दिसलंय. पण स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली घड्याळ लावून मोजलं, की डॉक्टर मध्ये बोललाच नाही तर पेशंट आपणहून किती वेळ बोलतो. सरासरी ९२ सेकंद. दोन मिनिटांच्या आत बहुतेक जण आपणच थांबले. पेशंट बोलत सुटेल ही भीती सहसा खरी ठरत नाही. मध्ये तोडलं म्हणून तो पुन्हा-पुन्हा येतो.

ऐकून झाल्यावर ‘टेन्शन आहे का काही?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, विशेषतः सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना. त्यापेक्षा, ‘‘ताई, हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा घरात काय चाललं होतं?’’ आणि दुसरा, बहुधा कुणी न विचारलेला प्रश्न: ‘‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशाने होत असेल?’’

पिशवीवाल्या बाई जरा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, ‘‘माझ्या थोरल्या जाऊबाईंना असंच छातीत भरून आलं होतं. आम्ही गॅस म्हणून सोडा पाजला. गाडी येईपर्यंत गेल्या.’’ तीन वर्षांपूर्वी. आत्तापर्यंत काढलेल्या एकाही ईसीजीच्या अर्जावर हे वाक्य नव्हतं.

आता ईसीजी चांगला आहे एवढं सांगून भागणार नाही. दुखतंय कशाने ते सांगावं लागेल. एक युक्ती हाताशी ठेवण्यासारखी आहे. ‘‘ताई, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. आवळूनच ठेवा,’’ असं म्हणून डॉक्टर बीपी घेतात, चिठ्ठ्या चाळतात. दीड-दोन मिनिटांत हात भरून येतो, बोटं थरथरायला लागतात.

‘‘दुखतंय?’’

‘‘दुखतंय की.’’

‘‘आत्ता या हाताचा एक्स-रे काढला तर काय दिसेल?’’

बाई हसतात. ‘‘काय दिसणार? काही नाही.’’

‘‘पण दुखतंय ना? खोटं आहे का ते?’’

मग पुढचं सोपं होतं. घाबरलेल्या शरीरात मानेचे, छातीचे, घशाचे स्नायू असेच आवळून बसतात. श्वास भरभर आणि वरवर चालतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि हातापायांना मुंग्या येतात, घेरी येते, छाती आवळते. छाती आवळली की जाऊबाई आठवतात, की श्वास आणखी भरभर. शिवाय मज्जातंतूंची यंत्रणाही सवयीने तिखट होत जाते. एरवी जो निरोप मेंदूने कानाआड केला असता, तोही मोठ्याने ऐकू यायला लागतो. अर्धशिशी, आतड्याचा आयबीएस, फायब्रोमायल्जिया हे सगळे याच गल्लीतले आजार. स्कॅनमध्ये दिसत नाहीत, तरी त्यांची ओळख पटवता येते, त्यांना नाव देता येतं. नाव देता येत असेल तर द्यावं. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ यापेक्षा ‘तुम्हाला आयबीएस आहे, त्याने आयुष्य कमी होत नाही, पण त्रास होतो’ हे ऐकणं पेशंटला कितीतरी बरं.

पीटर सामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली इंग्लंडमध्ये अशा पेशंटनाच विचारलं होतं, की डॉक्टरांनी तुम्हाला काय समजावलं. उत्तरांत तीन तऱ्हा निघाल्या. दुखणं नाकारणारे डॉक्टर. पेशंट म्हणेल त्याला होला हो करणारे डॉक्टर. आणि दुखणं मान्य करून, ते कसं होतं ते पटेल असं सांगून, पेशंटच्या हाती काहीतरी करण्याजोगं देणारे. आपल्याकडे दुसऱ्या तऱ्हेवर अख्खे दवाखाने चालतात.

गोव्यात दिसलं ते

शरीराची भाषा ऐकायची म्हणजे काय, हे गोव्यातल्या कामावरून लख्ख कळतं. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. दर आठ जणींमागे साधारण एक बाई सहा महिन्यांहून जास्त काळ थकव्याची तक्रार करत होती. रक्त तपासलं, तर या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. सापडला तो गरिबीशी, मन खचण्याशी आणि घरातल्या छळाशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशीसुद्धा. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचंही तेच निघालं. जंतुसंसर्गापेक्षा तिचं नातं मानसिक आणि कौटुंबिक त्रासाशी जास्त घट्ट होतं. या बायांना वर्षानुवर्षं लोहाच्या आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या देता येतात. किंवा नवऱ्याला बाहेर बसवून पाच मिनिटं एकटीशी बोलता येतं. डॉक्टरच्या खोलीत ‘बाकीच्यांनी जरा बाहेर थांबा, तपासायचंय’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यांना सारखंच आणि नेहमी म्हणावं. मग ते कुणा एकीसाठी म्हटलंय असं वाटत नाही.

मनाच्या डॉक्टरकडे पाठवायची वेळ आली तर ते शेवटचं हत्यार असल्यासारखं बाहेर काढू नये. ‘आमच्याकडून झालं, आता तिकडे जा’ म्हटलं की पेशंट तिकडेही जात नाही आणि इकडेही येत नाही. ‘दुखण्याने झोप आणि मन दोन्ही थकलंय, त्यासाठी त्यांची मदत घेऊ, पण पुढच्या महिन्यात तुम्ही मला भेटायचंच आहे,’ असं म्हटलं तर वाट उघडी राहते. जवळपास कुणी नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. २०२२ पासून तो सुरू आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

औषधांबद्दल थोडक्यात. ॲमिट्रिप्टिलिनसारखं औषध अगदी कमी डोसात दुखण्यावर आणि झोपेवर उपयोगी पडतं. पण ते नैराश्यावरही वापरतात, हे देतानाच सांगावं. नाहीतर मुलगा मोबाइलवर शोधतो, ‘आई, तुला वेडाची गोळी दिलीय’ म्हणतो आणि पाकीट कचऱ्यात जातं. चिंतेवर देतात त्या अल्प्राझोलामची सवय लागते; ती गोळी महिनोन् महिने चालू नसावी. आणि महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त डोकेदुखीची गोळी खाणाऱ्याची डोकेदुखी अनेकदा त्या गोळीनेच टिकून राहते.

तारीख ठरवून

जाड फाइलवाल्या पेशंटसाठी सर्वांत कमी खर्चाचा उपाय १९८६ सालीच सापडला होता. अमेरिकेत रिचर्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अशा पेशंटच्या फॅमिली डॉक्टरांना फक्त एक पत्र पाठवलं. दर चार ते सहा आठवड्यांनी ठरलेल्या तारखेला पेशंटला बोलवा, दर वेळी थोडं तपासा, गरजेशिवाय टेस्ट आणि ऑपरेशनं टाळा, आणि ‘तुमच्या डोक्यात आहे’ असं म्हणू नका. एवढंच पत्र. पेशंटच्या उपचारावरचा खर्च ५३ टक्क्यांनी उतरला आणि तब्येती बिघडल्या नाहीत. यातली ‘ठरलेली तारीख’ ही खरी मेख. ‘त्रास झाला तर या’ असं सांगितलं, की डॉक्टर भेटण्यासाठी त्रास व्हावा लागतो. तारीख ठरली, की दुखो न दुखो, भेट पक्की.

२०२४ साली शेफिल्डच्या ख्रिस बर्टन यांच्या गटाने याची पुढची पायरी दाखवली. खास प्रशिक्षण घेतलेल्या जनरल प्रॅक्टिशनरनी पेशंटना जास्तीत जास्त चार वेळा भेटून दुखणं मान्य करायचं, समजावायचं आणि काहीतरी करायला द्यायचं. ३५४ पेशंटच्या या चाचणीत वर्षभरानंतरही त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी होता. फरक डोळे दिपवणारा नव्हता. पण चार भेटींमध्ये याहून जास्त काय मिळणार?

पेशंटच्या बाजूने याचा अर्थ असा, की डॉक्टर एक धरावा. सगळी फाइल न नेता एका पानावर चार गोष्टी लिहाव्यात: त्रास कोणता आणि कधीपासून, झालेल्या तपासण्या तारखेसह, चालू औषधं (आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्यांसह), आणि या त्रासाने रोजचं नेमकं काय अडलंय. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘दुखणं जावं’ हे उद्दिष्ट डॉक्टरला पेलत नाही. ‘दोन जिने चढून बहिणीकडे जाता यावं’ हे पेलतं.

बऱ्या दिवशी घर झाडून-पुसून, पापड-कुरडयांपर्यंत सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस आडवं व्हायचं, हे चक्र अशा पेशंटच्या घरोघरी दिसतं. त्याऐवजी वाईट दिवशीही जमेल एवढंच ठरवावं, समजा सात मिनिटं चालणं, आणि बऱ्या दिवशीही तेवढंच करावं. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवावीत. थोड्याशा श्रमानंतर ज्यांना दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, अशांनी मात्र हे वेळापत्रक स्वतःवर लादू नये. त्या प्रकारच्या दीर्घ थकव्यासाठी व्यायाम ठराविक मापाने वाढवत नेण्याची शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतली आहे.

घरच्यांचं काम एकाच सवयीपुरतं. ‘आज कसं वाटतंय?’ हा प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारू नये आणि ‘सोंगं करतेय’ असंही म्हणू नये. दोन्हींनी लक्ष दुखण्याकडेच जातं. ‘आज कुठवर जाऊन आलीस?’ हे विचारावं. आणि तक्रार खरोखर नवी असेल, आधीच्या कशाशी न जुळणारी, तर ‘तिचं नेहमीचंच’ म्हणून सोडून न देता तिला नव्याने तपासून घ्यावं.

नोंदी ठेवायला वही आणली तर ती दुसऱ्या आठवड्यात हरवते. भिंतीवरचं कालनिर्णय बरं. दुधाचा खाडा मांडतात तशीच त्या-त्या दिवशीच्या चौकोनात डोकं दुखलं तर फुली, नीट झोप लागली तर टिंब. पिशवीवाल्या बाईंनी दोन महिने हे केलं आणि दोन्ही पानं दुमडून दवाखान्यात आणली. छातीतलं भरून येणं कमी झालं होतं, पाठ तशीच होती. डोकेदुखीच्या फुल्या मात्र मोजून अकरा. डॉक्टरांनी चष्मा लावून पानं खिडकीशी धरली. अकरापैकी आठ फुल्यांच्या चौकोनात खाली बारीक अक्षरांत संकष्टी किंवा एकादशी छापलेली होती, नाहीतर तो गुरुवार होता.

‘‘उपासाला चहा घेता?’’

‘‘नाही. चंद्रोदयापर्यंत काहीच नाही.’’

संकष्टीला चंद्र उगवायला रात्रीचे नऊ वाजतात. डॉक्टरांनी उपास सोडायला सांगितलं नाही. सकाळचा चहा चुकवायचा नाही, दुपारी भगर किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि दिवसभरात दोन तांबे पाणी, एवढं कागदावर लिहून दिलं. ‘‘देवाला चालेल ना हे?’’ बाईंनी विचारलं. ‘‘पुढच्या महिन्याचं पान आणा,’’ डॉक्टर म्हणाले आणि केसपेपरवर तारीख टाकली.